वामनदादा कर्डक : गाण्यात केलेला विचार

लोकशाहीर वामनदादा कर्डकांविषयी बोलायची वेळ आली की एक वाक्य हमखास येते : त्यांनी बाबासाहेबांचा विचार खेड्यापाड्यांत पोचवला. जयंतीच्या व्यासपीठावर ते ऐकू येते, लोकसाहित्यावरच्या लेखांत वाचायला मिळते. वाक्य गौरवाचे आहे आणि खोटेही नाही. पण ते अपुरे आहे, आणि पुन्हा पुन्हा उच्चारले गेल्याने त्याचा अपुरेपणा दिसेनासा झाला आहे. विचार करणारे वेगळे आणि तो वाहून नेणारे वेगळे, अशी वाटणी त्या वाक्यात आधीच झालेली असते. डोके एकाचे, गळा दुसऱ्याचा. ज्या समाजरचनेने शतकानुशतके काहींच्या वाट्याला ज्ञान आणि काहींच्या वाट्याला श्रम दिले, तिचीच ही वाटणी आहे, फक्त कौतुकाच्या भाषेत.

या लेखाचे म्हणणे असे की वामनदादांनी गाण्यात विचार केला. बाबासाहेबांनी मांडलेले प्रश्न त्यांनी घेतले, त्यांना स्वतःचे पुरावे जोडले, आणि त्यांतून असे नवे प्रश्न उभे केले जे भाषणात किंवा पुस्तकात त्या रूपात नव्हते. हे काम आपल्याला दिसत नाही, कारण लोकसंगीत म्हणजे जुने, अनाम आणि भाबडे अशी आपली समजूत आहे. ही समजूत तपासून पाहायला मराठवाडा योग्य जागा आहे, आणि मराठवाड्यातही लातूर जिल्ह्यातले किल्लारी. भूकंपामुळे देशभर माहीत झालेल्या या गावाचा शाहिराशी काय संबंध, ते पुढे येईल.

आधी माणूस

वामन तबाजी कर्डक यांचा जन्म 15 ऑगस्ट 1922चा, नाशिक जिल्ह्यातील सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. लहानपणी शाळा मिळाली नाही. मुंबईत आल्यावर गिरणीत काम, कोळशाच्या वखारीत हमाली, चिक्की विकणे, असे मिळेल ते केले. कोणीतरी पत्र वाचून दाखवायला सांगितले आणि आपल्याला वाचता येत नाही या दुःखाने ते रडले, हा त्यांच्या आयुष्यातला प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यानंतर वाढत्या वयात ते अक्षरे शिकले. 1943 मध्ये विडंबनगीताने लेखनाची सुरुवात झाली. ‘वाटचाल’ (1973), ‘मोहळ’ (1976), ‘हे गीत वामनाचे’ (1977) हे संग्रह आणि ‘माझ्या जीवनाचं गाणं’ हे आत्मकथन त्यांच्या नावावर आहे. गाणी 10,000च्या वर लिहिली असे सांगतात; छापली गेली ती त्यांतली थोडी. 15 मे 2004 रोजी ते गेले.

तपशील इथेच थांबवू. वामनदादांच्या बाबतीत चरित्र एवढे हेलावून टाकणारे आहे की बहुतेक लेखन त्यातच अडकते आणि गाण्यापर्यंत पोचतच नाही.

1. गाणाऱ्याचा धनी बदलला

मराठवाड्यात लोकसंगीत पूर्वीपासून मुबलक आहे. माहूरच्या रेणुकेचा आणि तुळजापूरच्या भवानीचा गोंधळ, लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या जत्रेतले वाघ्या-मुरळी, पोतराज, लग्नापासून मयतापर्यंत वाजणारी हलगी. या सगळ्यांत कलेइतकीच महत्त्वाची एक गोष्ट आहे, जी ध्वनिमुद्रणात येत नाही : कोणी कोणासाठी वाजवायचे हे जातीने ठरलेले होते. हलगी वाजवणाऱ्याच्या हातात अफाट लय असे, पण मिरवणूक दुसऱ्याची असे. मोबदला धान्यात किंवा बिदागीत मिळे. नकार देण्याची मुभा नसे.

सत्यशोधक जलशाने, आणि 1930च्या दशकात भीमराव कर्डक यांच्यासारख्यांच्या आंबेडकरी जलशाने हे नाते मोडायला सुरुवात केली. तमाशाचा सांगाडा घेऊन त्यातला गण-गवळणीचा भाग बदलला गेला, आणि गाणारा पहिल्यांदा स्वतःच्या वस्तीसाठी, स्वतःच्या प्रश्नावर गाऊ लागला. वामनदादा या परंपरेच्या पुढच्या पिढीतले. त्यांच्या काळात जलशाचा मोठा फड आटला आणि गायन पार्टी आली : पेटी, ढोलकी, जमल्यास बँजो, दोन-चार साथीदार. एस.टी.ने जाता येईल एवढा संसार. वस्तीने वर्गणी काढायची, पार्टीने रात्रभर गायचे.

लोकसंगीताच्या इतिहासात हा बदल किती मोठा आहे, याची नोंद पुरेशी घेतली गेलेली नाही. कलावंताचा धनी बदलला की कलेचा विषय बदलतो, हे दरबारी संगीत आणि नाट्यसंगीत यांच्याबाबत आपण सहज मान्य करतो. मग मजुरांच्या वर्गणीवर उभे राहिलेले संगीत ही स्वतंत्र संस्था मानायला अडचण का यावी? या संस्थेला इमारत नव्हती, अनुदान नव्हते, समीक्षक नव्हते. तरी तिने विदर्भापासून खानदेश-मराठवाड्यापर्यंत गायकांच्या पिढ्या तयार केल्या. प्रतापसिंग बोदडे यांच्यासारखे गीतकार स्वतःला वामनदादांचे शिष्य म्हणवत, ते या संस्थेचे पदवीधर.

2. वाट्याचा प्रश्न आणि किल्लारीचे चौरस फूट

आता मुख्य मुद्दा. वामनदादांचे एक गाणे सर्वांच्या परिचयाचे आहे, ज्यात ते बिर्ला, बाटा, टाटा ही नावे घेऊन विचारतात की धनाचा साठा कुठे आहे आणि त्यातला आमचा वाटा कुठे आहे. ऐकणाऱ्यांनी त्याला ठेका धरला, समीक्षकांनी त्याला प्रचारगीत म्हटले. त्यात नेमके काय विचारले आहे, तिकडे बघू.

बाबासाहेबांनी 1947च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत आणि शेती हा राज्याचा उद्योग व्हावा, अशी मागणी मांडली. 25 नोव्हेंबर 1949च्या भाषणात त्यांनी राजकीय समतेसोबत येणाऱ्या आर्थिक-सामाजिक विषमतेचा इशारा दिला. ही मांडणी घटनाकाराची आहे. ती राज्यव्यवस्थेला उद्देशून आहे. वामनदादांचे गाणे तिचे सोपे रूप नाही. त्यांनी विचारणारा बदलला. प्रश्न राज्याने सोडवायचा असे न म्हणता तो ‘आम्ही’ विचारायचा, आणि कोणाला विचारायचा त्यांची नावे घेऊन, असे त्यांनी ठरवले. शिवाय त्यांनी मागितला तो वाटा. मदत मागितली नाही. मदत मागणारा आपण किती गरीब आहोत हे सांगतो. वाटा मागणारा वाटणीचा नियम कोणी केला, हे विचारतो.

हा फरक शब्दांचा खेळ वाटत असेल तर किल्लारीकडे पाहावे. त्या गाण्याचा भूकंपाशी काहीही संबंध नाही, म्हणूनच ही कसोटी खरी.

30 सप्टेंबर 1993च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जमीन हलली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती विसर्जन करून लोक उशिरा झोपले होते. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात अधिकृत आकड्यानुसार सुमारे 8,000 माणसे गेली. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि वर मातीचे जड माळवद, या बांधणीने सर्वाधिक बळी घेतले. कुडाची, छपराची, हलकी घरे तुलनेने कमी घातक ठरली. पिढ्यानपिढ्या ज्या घराकडे पाहून गावात पत मोजली जायची, ते दगडी घरच त्या पहाटे सर्वात धोक्याचे निघाले.

मग पुनर्वसन झाले. जागतिक बँकेच्या कर्जाच्या आधारे 52 गावे नव्या जागी वसवली गेली. रुंद रस्ते, सरळ ओळी, भूकंपरोधक बांधकाम. मोठ्या प्रमाणावरचे आणि वेगाने झालेले ते काम होते, आणि त्यात झटलेल्या अधिकाऱ्यांचे व स्वयंसेवकांचे ऋण त्या भागाने मानावे असेच आहे. पण घर किती मोठे मिळणार हे कशावरून ठरले? भूमिहीनांना आणि 1 हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना 250 चौरस फूट. 1 ते 7 हेक्टरवाल्यांना 400. त्याहून अधिक जमीन असलेल्यांना 750. घरात माणसे किती, गमावली किती, उरलेल्यांत म्हातारे आणि लेकरे किती, यावर ते ठरले नाही. सातबाऱ्यावर ठरले.

या नियमाच्या बाजूनेही बोलता येते. जमीनदार शेतकऱ्याला बैल, औते, धान्य यांसाठी जागा लागते. 250 फुटांचे का होईना, अनेक भूमिहीनांना ते आयुष्यातले पहिले पक्के घर मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मदतीच्या हिशेबाने पाहिले तर कोणाचे काही बिघडले नाही, प्रत्येकाला आधीपेक्षा बरे मिळाले. वाट्याच्या हिशेबाने पाहिले की वेगळे दिसते : निसर्गाने एका रात्रीत पाडलेली गावाची उतरंड सरकारी कागदाने पुन्हा उभी केली, आणि या वेळी ती सिमेंटमध्ये, नकाशावर, फुटा-फुटाने मोजून. माणूस भूमिहीन का राहिला, हे त्या नियमाने विचारले नाही. राहिला आहे एवढे धरून पुढे आकडा दिला.

वामनदादांच्या गाण्यातला प्रश्न हाच होता. अर्थशास्त्राच्या अभ्यासकांनी वितरणातला न्याय म्हणून ज्याची चर्चा केली, ते विचारण्याची पद्धत एका गायकाने निरक्षर श्रोत्याच्या तोंडी बसवून ठेवली होती. ती पद्धत धरणग्रस्ताच्या मोबदल्याला लागू पडते, दुष्काळी कामाच्या मजुरीला लागू पडते, किल्लारीच्या 250 फुटांना लागू पडते. जे वाक्य त्याच्या मूळ प्रसंगाबाहेर, कवीच्या कल्पनेतही नसलेल्या ठिकाणी काम करते, त्याला निव्वळ प्रचार कसे म्हणणार?

इथे आणखी एक समज बाजूला करायला हवा. अण्णाभाऊ साठे आणि लाल बावटा कलापथक वर्गाचे गाणे गात होते, वामनदादा जातीचे, अशी सोयीची विभागणी केली जाते. टाटा-बिर्लांना वाटा विचारणारे गाणे त्या विभागणीत कुठे ठेवायचे? वामनदादा गिरणीतून आणि वखारीतून आले होते. जात आणि मजुरी त्यांच्या अंगावर वेगवेगळ्या दिवशी आल्या नव्हत्या.

3. उसन्या चाली

जाणकारांचा आवडता आक्षेप असा : वामनदादांना गीतकार म्हणा, पण रचनाकार कसे म्हणता? चाली तर सिनेमाच्या, लावणीच्या, कव्वालीच्या.

चाल ही त्या माणसाची समस्या म्हणून समजून घेतली पाहिजे. त्याच्याकडे रेडिओ नाही, ध्वनिमुद्रिका कंपनी नाही, स्वरलिपी वाचू शकणारे गायक नाहीत. गाणे आज रात्री एका वस्तीत गायले तर उद्या त्या वस्तीतल्या पोराने ते शेतात म्हणायला हवे, आणि आठवड्याने शेजारच्या गावच्या पार्टीने उचलायला हवे. नवी चाल दिली तर ऐकणाऱ्याची निम्मी ताकद चाल पकडण्यात जाते. माहीत असलेली चाल दिली की सगळे लक्ष शब्दांवर येते. म्हणून चाल उसनी घेणे हा विचारपूर्वक केलेला रचनेचा निर्णय होता.

आणि तो सोपा नव्हता. तयार चालीत अक्षरांची संख्या ठरलेली, जोर कुठे पडणार ते ठरलेले, सम कुठे येणार ते ठरलेले. त्या साच्यात जमिनीचा, मताच्या अधिकाराचा किंवा गटबाजीचा विषय असा बसवायचा की वजनदार शब्द नेमका समेवर यावा आणि यमकाने युक्तिवाद पुढे न्यावा. ज्याने हे एकदा करून पाहिले आहे त्याला कळेल की स्वतःची चाल बांधणे याहून कमी जिकिरीचे असते. मराठी परंपरेला तर यात काही नवे नाही. ओवी, अभंग, साकी, दिंडी, लावणी या सगळ्या सामायिक चाली आहेत आणि त्यांवर मोठ्यांतल्या मोठ्यांनी लिहिले आहे. तेव्हा कोणी उसनवारीचा हिशेब मागितला नाही.

देवाणघेवाण एकाच दिशेने झाली असेही नाही. अनंत माने यांच्या ‘सांगत्ये ऐका’ (1959) या चित्रपटात वसंत पवारांच्या संगीतात वामनदादांचे गाणे आहे, आणि ते महाराष्ट्रभर गाजले. शृंगाराची, ठसक्याची लेखणी त्यांच्याकडे होती. चित्रपटात राहता आले असते. ते वस्त्यांकडे वळले. तिसरी दिशा बायकांच्या जात्यावरची. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात 1996 मध्ये, जात्यावरच्या ओव्या गोळा करणाऱ्या एका प्रकल्पात, बाबासाहेबांवरच्या ओव्या ध्वनिमुद्रित झाल्या. त्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या आहेत. गायन पार्टी रात्री चौकात गात होती आणि पहाटे घरात ओवी चालू होती. दोन्हींत विषय एक, नायक एक. कोणी कोणाकडून घेतले हे ठरवण्यापेक्षा, एका पिढीने गाण्याच्या सगळ्या जुन्या वाटा नव्या कामाला लावल्या, हे महत्त्वाचे.

4. शेवटच्या अंतऱ्यातले नाव

लोकगीत अनाम असते, असे शिकवले जाते. वामनदादांचे गाणे अनाम नाही. शेवटच्या अंतऱ्यात ‘वामन’ येतो, जसा चोखोबांच्या अभंगात चोखा येतो. संतांची ही रीत त्यांनी उचलली, पण तिचा अर्थ त्यांच्या हाती बदलला. वयात आल्यावर अक्षर शिकलेला माणूस प्रत्येक रचनेखाली आपले नाव घालतो तेव्हा तो लेखकपणावर हक्क सांगत असतो. अंगठा उठवणाऱ्यांच्या समाजात ती सही आहे, आणि कागद हरवला तरी न पुसणारी, कारण ती गाण्याच्या वृत्तातच ओवलेली आहे.

कागद हरवलेच. गाणे मागणाऱ्या गायकाला लिहून द्यायचे आणि पुढच्या गावी जायचे, असा त्यांचा व्यवहार होता. त्यामुळे गाणी गायकांच्या वह्यांत विखुरली. पुढे कॅसेटचा काळ आला. मग साउंड सिस्टिम आणि डीजे. गाणे लहान करायचे झाले की शेवटचा अंतरा गाळला जातो, आणि त्याबरोबर कवीही गाळला जातो. ज्याने अनाम राहण्याला नकार दिला त्याला आपण काटछाट करून पुन्हा अनाम करतो, आणि वर ‘लोकगीत’ म्हणून मिरवतो. याची चीड यायला हवी.

5. आक्षेपांना उत्तर

पहिला आक्षेप भक्तीचा. भीमाच्या जन्माने कोटी कुळे उद्धरली असे सांगणारे त्यांचे गाणे घरोघर आहे. मूर्तिपूजेविरुद्ध बोलणाऱ्या चळवळीत ही नवी भक्तीच नाही का? प्रश्न गंभीर आहे आणि चळवळीच्या आतूनही विचारला गेला आहे. उत्तर असे की वामनदादांच्या गाण्यात कृतज्ञतेची भाषा भक्तीकडून घेतलेली आहे, पण तिचा विषय ऐहिक आहे : पाणी, शाळा, मत, नोकरी, माणूस म्हणून चालणे. उद्धार इथे परलोकातला नाही. शिवाय ज्या कवीला निव्वळ भक्ती करायची असते तो भक्तांना जाब विचारत नाही. वामनदादांनी रिपब्लिकन पक्षाच्या फाटाफुटीवर, स्वार्थी पुढाऱ्यांवर, बाबासाहेबांचे नाव घेऊन बाबासाहेबांना विसरणाऱ्यांवर कडक गाणी लिहिली, आणि ती त्याच लोकांसमोर गायली ज्यांच्या वर्गणीवर त्यांचा कार्यक्रम होत होता.

दुसरा आक्षेप दर्जाचा. हजारो गाण्यांत पुष्कळ सामान्य असणारच, आणि आहेत. प्रसंगाला लिहिलेली, यमकासाठी ओढलेली, एकमेकांसारखी. हे मान्य करण्यात त्यांचा अपमान नाही. रोज लागणाऱ्या वस्तूची निर्मिती करणाऱ्याचे मोजमाप त्याच्या उत्तम कामाने आणि एकूण कामाच्या परिणामाने करायचे असते. आपण इतर कवींच्या बाबतीत निवडक कविता वाचतो आणि वामनदादांच्या बाबतीत सरसकट मत देतो. हा न्याय नव्हे.

तिसरा आक्षेप सर्वात जड : गाण्याने काय बदलले? इथे मराठवाड्यालाच साक्षीला बोलावले पाहिजे. 27 जुलै 1978 रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने केला आणि दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीच्या पोचीराम कांबळे यांना मारण्यात आले. नोव्हेंबर 1993 मध्ये नांदेडच्या गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. भूकंपाला साडेतीन महिने झाले असताना, 14 जानेवारी 1994 रोजी, विद्यापीठाचा नामविस्तार झाला. साडेपंधरा वर्षे. इतका काळ एखादी मागणी जिवंत ठेवायला पक्ष पुरला नाही, कारण पक्ष फुटत होते. वृत्तपत्रेही पुरली नाहीत, कारण त्यांतली बरीच विरोधात होती. वस्तीवस्तीत दरवर्षी गायल्या जाणाऱ्या गाण्यांनी नव्या मुलांना जुनी मागणी शिकवली. गाण्याने ठराव अमलात आला असे कोणी म्हणणार नाही. पण ज्यांची घरे जळाली ते गप्प झाले नाहीत, यामागे गाण्याचा हात किती होता हे मोजण्याचा प्रयत्नही इतिहासकारांनी पुरेसा केलेला नाही.

आणि कोणी म्हणेल, आता डीजेच्या दणक्यात हे सगळे वाहून गेले. पूर्ण खरे नाही. मोठ्या आवाजात ठेका उरतो आणि युक्तिवाद हरवतो, ही काळजी रास्त आहे. तरी त्याच वस्त्यांत आज मोबाइलवर जुन्या पार्ट्यांचे ध्वनिमुद्रण ऐकणारी मुले आहेत आणि स्वतःची रॅप गाणी लिहिणारीही. त्यांना सांगायला हवे की त्यांच्या आधी एकाने उसन्या चालीत नवा विचार कसा बसवला होता.

6. वारसा जपायचा म्हणजे नेमके काय

पुतळे, पुरस्कार, स्मृतिदिन यांनी नाव टिकते, काम टिकत नाही. वामनदादांचे काम टिकवायचे तर प्रत्येक गाण्यामागच्या चार गोष्टी नोंदवाव्या लागतील : मूळ चाल कोणती, पहिल्यांदा कोणत्या प्रसंगी गायले गेले, कोणकोणत्या पाठांतरांत ते मिळते, आणि शेवटचा अंतरा शाबूत आहे का. संतवाङ्मयाच्या संशोधित आवृत्त्यांवर महाराष्ट्राने दीडशे वर्षे खर्च केली. तीच शिस्त इथे लागते, फक्त हस्तलिखितांच्या जागी माणसे आहेत.

नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ 1994 चे, म्हणजे नामविस्ताराच्याच वर्षी स्थापन झालेले; लातूर जिल्हा त्याच्या कक्षेत आहे. छत्रपती संभाजीनगरच्या ज्या विद्यापीठाच्या नावासाठी ही गाणी गायली गेली तेही आहे. वामनदादा तिथे मराठी विभागात लोकसाहित्याच्या एका प्रकरणात असतील तर ते राज्यशास्त्राच्या आणि अर्थशास्त्राच्या वर्गातही असायला हवेत. आपत्ती व्यवस्थापन शिकणाऱ्याने 250, 400 आणि 750 हे आकडे त्या वाट्याच्या गाण्याशेजारी ठेवून अभ्यासावेत. वेळ मात्र फार नाही. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीच्या वेळी, 1978 मध्ये, पंचविशीत असलेला गायक आज सत्तरी ओलांडून गेला आहे. त्याच्या पत्र्याच्या पेटीतली वही जीर्ण झाली आहे, आणि वहीत फक्त शब्द आहेत. ते कोणत्या चालीवर म्हणायचे हे वहीत लिहिलेले नाही, त्याला पाठ आहे.